सहा घरं, एक नळी

आप्पांच्या रिव्हॉल्व्हरला सहा घरं आहेत आणि त्यातलं एक दगा देतं, हे आम्हाला कळायला एकतीस वर्षं लागली.

एकतीस वर्षं ते कपाटात होतं. भोसरी एमआयडीसीत आप्पांचं छोटं वर्कशॉप. दोन लेथ, एक मिलिंग मशीन, नंतर कर्ज काढून घेतलेला एक सरफेस ग्राइंडर आणि बारा-चौदा माणसं. तेव्हा पगार रोख असायचा. महिन्याच्या सात तारखेला आप्पा बँकेतून पैसे काढायचे, रेक्झिनच्या पिशवीत भरायचे आणि स्कूटरच्या पायाशी ठेवून एकटे यायचे. शेजारच्या गाळ्यातल्या एकाला अशाच एका सात तारखेला वाटेत अडवून लुटलं, आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून आप्पांना परवान्याचा अर्ज करायला लावला. परवाना मिळाला. .३२ बोअरचं जुनं विलायती रिव्हॉल्व्हर त्यांनी दुसऱ्या हाताचं घेतलं. पुढे पगार बँकेत जमा व्हायला लागले आणि त्याचं काम संपलं. निवडणूक आली की ते पोलीस ठाण्यात जमा करायचं, निकाल लागला की घरी आणायचं, एवढाच त्याचा प्रवास उरला.

आप्पांनी सत्तरी गाठली. २०१६ च्या शस्त्र नियमांत अशी तरतूद आहे की परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा शस्त्र त्याच्याकडे पंचवीस वर्षं असलं, तर तो हयात असतानाच ते वारसाच्या नावावर करता येतं. वारसदार दोन. मी, जी आता वर्कशॉप बघते. आणि माझा धाकटा भाऊ, जो चाकण परिसरात जमिनींचे व्यवहार करतो.

भाऊ म्हणाला, "ताई, तू ते घेऊन करणार काय? माझ्या कमरेला असलं तर समोरचा माणूस जरा नीट बोलतो."

मी विचारलं, "त्याचा नेम लागतो का?"

तो हसला. "नेम कुणाला धरायचाय?"

त्याचा प्रश्न तिथे संपला. माझा तिथून सुरू झाला. मी गेली काही वर्षं सुट्टीच्या दिवशी एअर पिस्तूल मारते. स्पर्धेत कुठे पोचलेली नाही, पण कागदावरच्या भोकांनी झोप उडवण्याइतकी त्यात अडकलेली आहे. त्यामुळे नेम लागतो की नाही याने काही फरक पडत नाही, हे मला पटेना. मग मी वाचायला लागले, आणि लक्षात आलं की भावाचा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. आमच्या भागात तो सव्वाशे वर्षं जुना आहे.

चिंचवडमध्ये शाळेत गेलेल्या कुठल्याही मुलाला विचारा, पिस्तुलाची पहिली गोष्ट कोणती ऐकलीस? उत्तर एकच येईल. चापेकर बंधू चिंचवडचे. १८९७ च्या सुरुवातीला पुण्यात प्लेग पसरला, प्लेगच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या रँडच्या सोजिरांनी घरांत घुसून झडत्या घेतल्या, आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर दामोदर आणि बाळकृष्ण चापेकरांनी रँड व आयर्स्ट यांना गोळ्या घातल्या. ही गोष्ट आपण शौर्याची म्हणून ऐकतो. मी पहिल्यांदाच ती अंतराची म्हणून वाचली. बग्गीवर मागून चढून, हात लांबवला की माणूस लागेल एवढ्यावरून. अर्थात त्यांच्यापुढे दुसरा पर्याय नव्हता. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय हत्यार बाळगायला इथल्या माणसाला बंदी होती, युरोपियनांना मात्र त्यातून भरपूर सूट. चोरून मिळवलेल्या हत्याराने उघड्यावर सराव कुठे करणार? नेमबाजी शिकायला आधी आवाज करण्याची परवानगी लागते. ती ज्यांना होती ते मुळा नदीच्या पलीकडे, खडकीच्या छावणीत राहत होते.

आणि छावणीतलं रिव्हॉल्व्हर तरी कुठे दूरच्या नेमासाठी घडवलेलं होतं! पहिल्या महायुद्धातलं वेब्ली मार्क सहा म्हणजे .४५५ ची जाड गोळी आणि एक किलोच्या वर वजन. त्याचा धक्का घाईघाईत भरती केलेल्या पोरांना सोसेना, म्हणून युद्धानंतर ब्रिटिश लष्कर .३८ वर आलं आणि १९३२ मध्ये एनफिल्ड क्रमांक दोन निघालं. त्याच्या १९३८ च्या आवृत्तीत घोड्याचं शेपूटच काढून टाकलं. रणगाड्याच्या आत चढता-उतरताना ते कशात तरी अडकायचं म्हणे. शेपूट गेलं म्हणजे अंगठ्याने घोडा मागे ओढून हलक्या चापाने गोळी मारायची सोय गेली. एक जड, लांब खेच तेवढी उरली. जवळच्या झटापटीत त्याने बिघडत नाही, पण कागदावर नेम धरणाऱ्याला ही शिक्षाच.

नेमका त्याच काळात जगात दुसरीकडे रिव्हॉल्व्हर खेळात रुळत होतं, ही गंमत आहे. १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकला अथेन्समध्ये बोस्टनचे जॉन आणि समनर पेन हे भाऊ आपली अमेरिकन रिव्हॉल्व्हरं घेऊन गेले. २५ मीटरच्या लष्करी पिस्तूल प्रकारात जॉन पहिला, समनर दुसरा. पुढच्या प्रकारात जॉन उतरलाच नाही आणि समनर पहिला आला. वॉल्टर वायनान्स नावाचा इंग्लंडमध्ये स्थायिक झालेला अमेरिकन गृहस्थ तर रिव्हॉल्व्हरने इतका झपाटलेला होता की १९०१ मध्ये त्याने केवळ रिव्हॉल्व्हरच्या नेमबाजीवर जाडजूड पुस्तक लिहिलं. (याच माणसाला १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये रायफलच्या नेमबाजीचं सुवर्ण मिळालं आणि १९१२ मध्ये घोड्याच्या शिल्पासाठी. तेव्हा शिल्पकलेलाही पदक होतं.)

१८९६ मध्येच स्मिथ अँड वेसन कंपनीने एक नवं रिव्हॉल्व्हर आणि त्याच्यासोबत एक काडतूस आणलं, .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. आप्पांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसतं ते हेच. ते आम्हाला विलायतेहून आणावं लागत नाही. काडतुसाच्या बुडावर 'केएफ' ही अक्षरं असतात, म्हणजे किर्की फॅक्टरी. १८६९ साली सुरू झालेला खडकीचा दारूगोळा कारखाना. भोसरीहून दापोडीचा पूल ओलांडला की खडकीच.

लहानपणी मी ती अक्षरं आप्पांच्या नावाची आद्याक्षरं समजायचे. ती जुळत नाहीत हे लक्षात यायला वेळ लागला.

आता यंत्राकडे. पिस्तुलात गोळी ज्या घरातून सुटते ते घर आणि नळी एकाच तुकड्याचे असतात. रिव्हॉल्व्हरमध्ये घरं सहा, नळी एक, आणि दोन्ही वेगळ्या वस्तू. चाप ओढला की एक पंजा सिलिंडरला एक घर पुढे ढकलतो, खालून एक खुंटी खाचेत बसून त्याला अडवते, आणि त्या क्षणी ते घर नळीसमोर बरोबर यायला हवं. आमच्याकडे लेथवर काम करणारा कुणीही हे ऐकून म्हणेल, "हे तर इंडेक्सिंग झालं." अगदी तेच. डिव्हायडिंग हेडवर जॉब लावून सहा भोकं पाडायची, प्रत्येक भोक मध्यापासून सारख्या अंतरावर, प्रत्येक दोन भोकांत साठ अंशांचा कोन. पाच बरोबर आली आणि सहावं केसभर सरकलं तर जॉब रिजेक्ट. आप्पांनी आयुष्यभर असे जॉब केले आणि तपासले, पण स्वतःच्या कपाटातला जॉब कधी तपासला नव्हता.

सिलिंडर आणि नळी यांच्यात एक बारीक फट असते, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. गोळी घरातून निघून ही फट ओलांडते आणि नळीच्या तोंडाशी असलेल्या नरसाळ्यासारख्या उतारात शिरते. घर थोडं बाजूला असेल तर शिशाची मऊ गोळी त्या उताराच्या एका अंगाला घासते, थोडी सोलली जाते, आणि लंगडत बाहेर पडते. घराचं पुढचं तोंड गोळीपेक्षा अरुंद असेल तर गोळी आधीच चेपली जाते आणि मग नळीतल्या आट्यांना तिला नीट पकडता येत नाही. आटे तिला गरगर फिरवतात म्हणून ती सरळ जाते. पकड नाही तर फिरकी नाही. आणि सगळ्यात शेवटी नळीचं टोक. तिथे एका बाजूला बर राहिला किंवा टोकाला मार बसला, तर बाहेर पडता पडता गोळीला मागून धक्का एका अंगानेच बसतो.

चापाचं गणित याहून सोपं आणि याहून क्रूर आहे. घोडा आधी मागे ओढून ठेवलेला असेल तर चापाला एकच काम उरतं, त्याला सोडण्याचं. तो दीड-दोन किलोत सुटतो. घोडा पुढेच असेल तर तोच चाप सिलिंडर फिरवतो, घोडा उचलतो आणि मग सोडतो. त्याला चार-पाच किलो लागतात. एक किलोचं हत्यार हातात तरंगतं ठेवून एका बोटाने पाच किलो ओढायचे आणि बाकीचा हात हलू द्यायचा नाही. करून बघा, पाण्याची बाटली घेऊनसुद्धा कळेल.

हात हलला की काय होतं? मागच्या साइटची खाच आणि पुढच्या साइटचं पातं यांच्यात २०० मिलिमीटर अंतर आहे असं धरा. पातं खाचेत फक्त १ मिलिमीटर डावीकडे असेल, तर २५ मीटरवर गोळी १२५ मिलिमीटर डावीकडे जाते. स्पर्धेच्या कागदावर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचं असतं, म्हणजे गोळी दहाच्या पार बाहेर. पण दोन्ही साइट एकमेकींशी नीट आहेत आणि अख्खा हातच ५ मिलिमीटर सरकला, तर भोकही ५ मिलिमीटरच सरकतं. दहा शाबूत. हे कळलं त्या दिवशी माझी भीती निम्मी झाली. हात थरथरणारच, थरथरू द्यायचा. डोळा पात्यावर, निशाणा धूसर. कमरेला खोचायच्या आखूड रिव्हॉल्व्हरमध्ये दोन साइटमधलं हे अंतर निम्म्यावर येतं, म्हणजे तीच चूक दुप्पट होते. खिशात मावायची किंमत अशी मोजावी लागते.

वजनाचंही तसंच. २०१४ मध्ये सरकारी आयुध निर्माणीने 'निर्भीक' नावाचं .३२ रिव्हॉल्व्हर आणलं. खास महिलांसाठी, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, सुमारे ५०० ग्रॅमचं. पर्समध्ये ठेवायला हलकं. पण गोळी तीच, दारू तीच, आणि हत्याराचं वजन निम्मं म्हणजे ते उलट दुप्पट वेगाने हातावर येतं. नेमबाजीची मजा घ्यायची असेल तर जड हत्यार आणि सौम्य काडतूस हवं. .३२ लाँग हे तसं सौम्य काडतूस आहे, आणि म्हणूनच ते सव्वाशे वर्षांनंतरही स्पर्धेत टिकून आहे. फ्रान्सच्या मान्युरँ कंपनीने तर याच काडतुसासाठी केवळ निशाण्याचं असं खास रिव्हॉल्व्हर बनवलं. स्पर्धेत गोळीचं तोंड सपाट असतं, कागदाला पंचिंग मशीनने पाडल्यासारखं स्वच्छ भोक पडतं आणि गुणांवरून वाद होत नाही.

२५ मीटर सेंटर फायर हा तो प्रकार. चाप किमान १००० ग्रॅमचा. तीस गोळ्या सावकाश, पाच-पाचच्या फेऱ्यांत. मग तीस गोळ्या अशा, की निशाणा तीन सेकंद दिसतो, सात सेकंद लपतो, आणि त्या तीन सेकंदांत हात वर आणून एकच गोळी. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत जसपाल राणाने ६०० पैकी ५९० करून विश्वविक्रमाशी बरोबरी केली ती यातच. नियमांत आजही रिव्हॉल्व्हर चालतं, पण ते घेऊन उभं राहणारा आता विरळाच. बहुतेक जण .३२ चीच, पण अर्धस्वयंचलित पिस्तुलं वापरतात. एक नळी, एक घर, भांडण मिटलं.

महिलांच्या २५ मीटर पिस्तूलमध्ये क्रम हाच असतो, काडतूस .२२ चं. आणि इथे खडकी पुन्हा येते. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत या प्रकारात सुवर्ण मिळालं खडकीत वाढलेल्या अनिसा सय्यदला, रौप्य कोल्हापूरच्या राही सरनोबतला. चार वर्षांनी ग्लासगोमध्ये राहीला सुवर्ण, अनिसाला रौप्य. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत राही थायलंडच्या प्रतिस्पर्ध्याशी बरोबरीत अडकली, शूट-ऑफ झाला, तोही बरोबरीत सुटला, दुसऱ्यात ती जिंकली. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. हे सगळं कुठून आलं? मला तरी वाटतं, त्याला बालेवाडीची रेंज बरीचशी कारण आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेसाठी म्हाळुंगे-बालेवाडीत शिवछत्रपती क्रीडानगरी उभी राहिली आणि नदीच्या अलीकडच्या-पलीकडच्या पोरांना आवाज करायची हक्काची जागा मिळाली. स्वप्नील कुसळे २०२४ मध्ये पॅरिसहून रायफलचं कांस्य घेऊन आला, तोही बालेवाडीत घडलेला. चापेकरांच्या गावापासून ही रेंज फार तर अर्ध्या तासावर आहे, वाकडचा ट्रॅफिक धरून. नसेल तर एक तास.

तर मी आप्पांना म्हटलं, कुणाला द्यायचं ते नंतर ठरवा. आधी जॉब तपासू.

परवाना त्यांचा, म्हणून मारणार ते. मोजणार मी. आप्पांचा हात आता थरथरतो, म्हणून मनगटाखाली वाळूची पिशवी, खुर्चीवर बसून, घोडा दर वेळी मागे ओढून. सिलिंडरच्या मागच्या कडेला मार्करने एक ते सहा आकडे घातले. प्रत्येक घरासाठी वेगळा कागद, प्रत्येक कागदावर चार गोळ्या, सगळी काडतुसं एकाच डब्यातली. चोवीस गोळ्या. काडतुसांना वर्षाची मर्यादा आणि किंमत दोन्ही असल्यामुळे आप्पा प्रत्येक गोळीआधी माझ्याकडे असं बघायचे, की पगारवाढ मागणाऱ्या माणसाकडेच बघताहेत.

पहिला, दुसरा, तिसरा, पाचवा आणि सहावा कागद एकमेकांवर ठेवून उजेडात धरले तर भोकं तळहाताएवढ्या जागेत. एकतीस वर्षं पडून असलेल्या हत्याराकडून आणि सत्तरीच्या हाताकडून मला एवढ्याची अपेक्षा नव्हती. चौथ्या कागदावर चारही भोकं एकमेकांना चिकटून, पण मध्यापासून अकरा सेंटीमीटर डावीकडे खाली. म्हणजे चौथं घर विस्कळीत नाही. ते प्रामाणिकपणे चुकीच्या जागी मारतं.

आप्पांनी चष्मा कपाळावर घेतला, रिव्हॉल्व्हर रिकामं केलं, दोनदा खात्री केली, सिलिंडर उजेडाकडे धरून हळूहळू फिरवला. चौथ्यावर थांबले. बोटाने हलवून बघितलं. "खुळखुळतोय," म्हणाले. "खाच झिजलीय. पहिल्या मालकाने झटका देऊन फिरवला असणार, सिनेमात दाखवतात तसा." मग थोडा वेळ गप्प. "आणि मी हे घेऊन सात तारखेला फिरायचो."

हे दुरुस्त होतं. पण ते करायचं परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याने, आमच्या लेथवर नाही. आप्पांनी मला हे तीन वेळा बजावलं, कारण माझ्या डोळ्यांत त्यांना काय दिसलं ते त्यांना माहीत होतं. तोवर त्यांनी स्वतःचा उपाय काढला. स्पर्धेची फेरी पाच गोळ्यांची, मग घरं पाचच भरायची. चौथं रिकामं ठेवून सिलिंडर असा लावायचा की पाचव्यापासून सुरुवात होते आणि तिसऱ्यावर फेरी संपते. चौथ्याची पाळीच येत नाही. पुढच्या रविवारी त्यांनी अशा तीन फेऱ्या मारल्या. तिसरीत तीन दहा लागले. घरी येताना मोशीत थांबून त्यांनी मला आणि स्वतःला मिसळ खाऊ घातली, डॉक्टरने मना केलेली.

त्याच्या पुढच्या रविवारी भावालाही ओढून नेलं. रिव्हॉल्व्हर त्याच्या हातात देता येत नव्हतं, म्हणून मी माझं एअर पिस्तूल दिलं. दहा मीटर, पाचशे ग्रॅमचा चाप, दहा छर्रे. कागदावर चार लागले, दोन काळ्यात. त्याने कागद उचलून बराच वेळ बघितला आणि घरी जाईपर्यंत गाडीत कुणाशी बोलला नाही. सोमवारी सकाळी फोन आला, "ताई, त्या पात्याकडे बघायचं म्हणालीस ना, की निशाण्याकडे?"

आप्पांनी वारसाच्या रकान्यात माझं नाव लिहिलंय. पोलीस आयुक्तालयात द्यायचा अर्ज तयार आहे, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही जोडलंय. दुसऱ्या वारसाचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र तेवढं लागतं. ते स्टॅम्प पेपरवर टाइप करून भावाला देऊन सहा आठवडे झाले. त्याच्या गाडीच्या डॅशबोर्डवर आहे, चार भोकांच्या त्या कागदाशेजारी, सही न केलेलं.